भिंग बसले; पण दिसते कसे?

मोतीबिंदू काढून घरी आलेल्या माणसाला भेटायला आपण जातो, तेव्हा चौकशी ठरलेली असते. "दुखलं का? टाका घातला का? खर्च किती आला?" उत्तरेही ठरलेली. "छे हो, पंधरा-वीस मिनिटांचं काम. दुपारी जेवायला घरी!" मग चहा होतो आणि पाहुणे समाधानाने जिना उतरतात. एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही, की बुवा, तुम्हाला आता दिसते कसे? लांबचे की जवळचे? चष्म्याने की चष्म्यावाचून? रात्री रस्त्यावर, की फक्त दिवसा घरात?

ऑपरेशन चांगले होणे आणि चांगले दिसणे या दोन गोष्टी बहुतेक वेळा जोडीने येतात, म्हणून त्या एकच आहेत असे आपण धरून चालतो. त्या एक नाहीत. मी गिरगावातल्या एका छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रिते तपासली. वेलांटी पहिली की दुसरी, यावर ज्याचे पोट चालले, त्याला 'दिसते' हा शब्द इतका ढोबळ घेऊन भागत नाही. २०२३ साली माझ्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसली. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि अनुभवले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आईचा चष्मा

माझ्या आईचे ऑपरेशन १९७४ साली झाले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी आणि "मान हलवायची नाही" असा दम. त्या काळी आपल्याकडे सर्रास चाले ती पद्धत अशी, की गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून टाकायचे आणि त्याची जागा रिकामीच ठेवायची. भिंगाचे काम मग चष्म्याने करायचे. हा चष्मा अधिक १० नंबराच्या आसपासचा. काच सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी. तिच्यातून प्रत्येक वस्तू सुमारे सव्वापट मोठी आणि जवळ आल्यासारखी दिसे. आई पेल्यात पाणी ओतायची ते पेल्याच्या अलीकडे सांडायचे. बाजूने येणारा माणूस काचेच्या कडेशी नाहीसा होई आणि एकदम समोर उगवे.

दप्तरी ते ऑपरेशन यशस्वी होते, आणि ते खोटेही नव्हते. आधी तिला घरची माणसे ओळखू येत नव्हती, ती येऊ लागली. पण जिन्याच्या पायऱ्या मात्र ती अखेरपर्यंत पायाने चाचपूनच उतरली.

लंडनच्या बाईंचा नंबर

डोळ्याच्या आतच भिंग बसवावे ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिडले यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांचे डोळे तपासले होते. लढाऊ विमानाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर फुटून त्याचे कण काहींच्या डोळ्यांत शिरले होते. परकी वस्तू शिरली की डोळा चिडायचा. हे कण मात्र आत निमूट पडून होते. रिडले यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करवून घेतले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईंवर पहिली शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी १९५० मध्ये भिंग त्यांच्या डोळ्यात कायमचे बसले.

आता खरी गंमत ऐका. डोळ्याने भिंग पत्करले, पण बाईंना नंबर लागला तो उणे १८च्याही पुढचा! रिडले यांनी कृत्रिम भिंगाला जवळजवळ नैसर्गिक भिंगाचाच आकार दिला होता. पण प्लॅस्टिक प्रकाशाला अधिक वाकवते, आणि तो फरक हिशेबात पुरेसा धरला गेला नव्हता. म्हणजे जगातले पहिलेच भिंग शस्त्रक्रियेच्या दृष्टीने बसले आणि बाईंच्या दृष्टीने चुकले. सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या मातब्बरांनी या खटाटोपाला विरोध केला. तरी हा मार्ग शेवटी जगाने स्वीकारला. पुढे रिडले यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांतही अशीच भिंगे बसली आणि २००० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

आपल्याकडे बरीच वर्षे अडसर होता तो किमतीचा. परदेशी भिंग गरिबाला परवडत नसे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न अशा ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवायला सुरुवात केली. आज आपल्या गावोगावच्या शिबिरांतला रुग्णही भिंग बसवून घरी जातो, त्यामागे अशा प्रयत्नांचा मोठा वाटा आहे.

एका मिलिमीटरची गोष्ट

भिंगाचा नंबर आता अंदाजाने ठरत नाही. डोळ्याची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा बाक मोजून तो काढतात. प्रौढ माणसाचा डोळा साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरात सुमारे अडीचाचा फरक पडतो. म्हणून ऑपरेशनपूर्वीची ती कंटाळवाणी मोजमापे करून घेताना हनुवटी टेकून स्वस्थ बसावे. ऑपरेशनइतकेच महत्त्व त्यांना आहे.

पण गणित बरोबर सुटले तरी एक प्रश्न उरतो. नंबर काढायचा तो कोणत्या अंतरासाठी? नेहमीचे भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. नैसर्गिक भिंग तरुणपणी आपला फुगवटा बदलून लांबचे-जवळचे दोन्ही दाखवते; हे भिंग ते करीत नाही. बहुतेक लोक लांबचे निवडतात आणि वाचायला चाळिशी लावतात. बसचा नंबर, रस्ता, समोरचा चेहरा चष्म्यावाचून दिसतो, हे त्यांच्या सोयीचेच असते.

माझी गोष्ट वेगळी होती. शाळेपासून मला उणे ३ नंबर. लांबचे बघायला चष्मा आणि मुद्रित आले की चष्मा कपाळावर, अशी जन्माची सवय. आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, लांबचं भिंग घालू या. चष्मा सुटेल तुमचा."

मी विचारले, "आणि कागद उघड्या डोळ्यांनी वाचता येईल?"

"नाही. त्याला चाळिशी लागेल."

"डॉक्टर, मी अजून दिवसाचे पाच-सहा तास वाचतो. सिनेमा वर्षातून एकदा बघतो."

त्या क्षणभर थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "मग उलटं करू. उणे अडीच ठेवू. चाळीस सेंटिमीटरवरचं उघड्या डोळ्यांनी वाचा, रस्त्यावर चष्मा लावा."

तसेच झाले. तक्त्यावर, चष्म्याविना, मी आजही वरच्या दोन-तीन ओळींतच अडखळतो. केवळ त्यावरून निकाल लावायचा तर मी नापास! पण सकाळी वर्तमानपत्र हाती घेतले की अनुस्वारसुद्धा टोचावा इतका स्वच्छ दिसतो. कपाटातल्या जुन्या पुस्तकांपैकी निम्म्यांची पाने पिवळी पडली असे वाटत होते, ती पांढरी निघाली. पिवळेपणा माझ्या भिंगात होता.

आमच्या शेजाऱ्यांनी लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारे बहुकेंद्री भिंग घेतले. त्यांचा चष्मा जवळजवळ सुटला. पण समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती त्यांना वलये दिसतात. दिवाळीच्या पणत्यांभोवती ती शोभतात, महामार्गावर शोभत नाहीत. रात्री गाडी चालवणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे.

भिंग बरोबर, तरी अंधूक

माझ्या वहिनींना वीस वर्षांचा मधुमेह. भिंग उत्तम बसले, पण मागचा पडदा आधीच खराब झाला होता, म्हणून अक्षरे पुसटच राहिली. भिंग म्हणजे खिडकीची काच. आतल्या भिंतीची डागडुजी ती करीत नाही. काचबिंदूने गेलेली नजरही भिंगाने परत येत नाही. म्हणून पडद्याची तपासणी आधी हवी आणि घरच्यांना अपेक्षा किती ठेवायची तेही आधी कळायला हवे.

दुसरे, भिंगामागची नाजूक पिशवी काही महिन्यांनी वा वर्षांनी गढूळ होऊ शकते. "मोतीबिंदू परत आला" म्हणून लोक घाबरतात. तो परत येत नाही. लेसरने काही मिनिटांत त्या पिशवीला वाट करून देतात आणि बहुधा पुन्हा स्वच्छ दिसू लागते.

तिसरे कारण सर्वांत साधे, म्हणून सर्वांत चुटपुट लावणारे. ऑपरेशननंतर उरलेल्या नंबराचा चष्मा करायला कित्येक लोक परत जातच नाहीत!

२०२१ साली जागतिक आरोग्य सभेने मोतीबिंदूबाबत जे उद्दिष्ट ठरवले, त्यात नुसती ऑपरेशने मोजायची नाहीत. ऑपरेशननंतर ६/१२ किंवा त्याहून चांगले दिसते अशी माणसे मोजायची. निरोगी डोळा जे १२ मीटरवरून वाचतो ते आपण ६ मीटरवरून वाचले, की ते ६/१२. हिशेब कापलेल्या डोळ्यांचा न ठेवता दिसणाऱ्या डोळ्यांचा ठेवावा, हे जगाच्या पातळीवर मान्य झाले आहे. घराच्या पातळीवरही ते मान्य व्हायला हरकत नाही.

तेव्हा घरात आई-वडिलांची पाळी आली, की डॉक्टरांना चार गोष्टी अवश्य विचारा. पडदा आणि डोळ्याचा दाब ठीक आहे ना? भिंग लांबचे की जवळचे, आणि का? उरलेला चष्मा कोणता आणि कधी करायचा? अचानक दुखले, लाल झाले किंवा अंधुकले तर कोणाकडे धाव घ्यायची? आणि या सर्वांआधी एक गोष्ट खुद्द आई-वडिलांना विचारा, "तुम्हाला दिवसभर बघायचं काय असतं?" कोणाला पोथी, कोणाला सुईत दोरा, कोणाला नातवाची क्रिकेटची मॅच. भिंगाचा नंबर यंत्र सांगते. अंतर मात्र माणसाने सांगायचे असते.

या लेखाची मुद्रिते मी चष्मा न लावता तपासणार आहे.