थंडीत सायकलवर ट्रॅक पँट, टाइट्स की लेग वॉर्मर? निवड फक्त पारा बघून करू नका

डिसेंबर-जानेवारी आला की पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या रस्त्यांवर पहाटे दोन प्रकारचे सायकलवाले दिसतात. एक, हाफ शॉर्ट्सवर उघड्या गुडघ्यांनी कुडकुडत निघालेले. दुसरे, आत इनर, वर जाड ट्रॅक पँट असा सगळा जामानिमा करून आलेले. गंमत अशी की नऊ वाजेपर्यंत दोघंही वैतागलेले असतात. पहिल्यांचे गुडघे आखडलेले असतात, तर दुसऱ्यांची पँट घामाने मांडीला चिकटलेली असते.

जॅकेट, कानटोपी, हातमोजे यांचा विचार सगळे करतात. सायकलवर खरं काम करतात ते पाय, पण त्यांची आठवण शेवटी होते. म्हणून थंडीत सायकल चालवताना पँट निवडायची कशी, ते बघू.

सायकलवर थंडी जास्त का वाजते?

उत्तर आहे वारा. बाहेर वारा नसला तरी सायकल चालायला लागली की समोरून वारा लागतोच. तो त्वचेजवळचा गरम हवेचा थर उडवून लावतो.

कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून यासाठी एक सूत्र वापरलं जातं. त्यानुसार १० अंश तापमानात ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी साधारण ७ अंशांसारखी जाणवते. ५ अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर ती थेट ० अंशासारखी वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडमध्ये थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे हा हिशोब आपल्याकडेही लागू पडतो.

पण ही झाली अर्धी गोष्ट. पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, त्यातली जेमतेम पाव ऊर्जा पेडलपर्यंत पोहोचते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. त्यामुळे सिंहगडाच्या चढावर ताशी ८-१० किलोमीटरने जाणाऱ्याला जानेवारीतही घाम फुटतो. तोच माणूस उतारावर ताशी ४० ने खाली येतो, तेव्हा पाय जवळपास थांबलेले असतात, वारा दुप्पट-चौपट झालेला असतो आणि कपडे घामाने ओले असतात.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इटलीतलं आहे. ५ जून १९८८ रोजी 'जिरो द इटालिया' ही शर्यत २,६०० मीटरहून उंच असलेल्या गाविया घाटातून गेली आणि वर बर्फ पडायला लागला. रायडर सर्वाधिक गारठले ते चढताना नाही, तर उतरताना. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या टीमने आधीच स्कीइंगचे गरम कपडे जमवून ठेवले होते. त्या दिवशी हॅम्पस्टन दुसरा आला, पण एकूण आघाडी त्याच्याकडे आली आणि पुढे ती शर्यतही त्यानेच जिंकली.

गुडघ्यांचीच एवढी काळजी का?

मांडी आणि पोटरीत मोठे स्नायू असतात. ते काम करताना स्वतःच गरम होतात. गुडघ्याच्या वाटीवर मात्र ना स्नायू असतात ना फारशी चरबी. वाटी आणि तिच्याखालचा स्नायुबंध त्वचेच्या अगदी जवळ असतो आणि सायकलवर समोरचा वारा थेट तिथेच आदळतो.

थंडीत सांध्यातलं वंगणासारखं द्रव घट्ट होतं आणि गार पडलेले स्नायू कमी ताकदीने काम करतात. याचा अर्थ थंडीत सायकल चालवली की गुडघे झिजतात असा नाही. पण आखडलेल्या पायांनी एकदम जड गिअर ओढला तर दुखणं मागे लागू शकतं. म्हणूनच सायकलिंगमध्ये एक जुना नियम सांगितला जातो, तापमान १८-२० अंशांच्या खाली गेलं की गुडघे झाकायचे. पहिली १५-२० मिनिटं हलक्या गिअरवर पाय फिरवायचे, हेही त्यातच आलं.

कॉटनची ट्रॅक पँट का नको?

कारण ती घाम शोषते आणि सोडत नाही. पाणी हवेच्या तुलनेत २० पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओली पँट ऊब देण्याऐवजी अंगातली ऊब काढून घेते.

पॉलिस्टर आणि नायलॉन जवळपास पाणी शोषत नाहीत. घाम कापडावर पसरतो आणि लवकर उडून जातो. मेरिनो लोकर घाम शोषते, पण ओली झाली तरी बऱ्यापैकी उबदार राहते आणि तिला वासही कमी येतो. ती महाग असते आणि जपून धुवावी लागते, एवढाच तिचा तोटा.

मग पर्याय कोणते?

• नी वॉर्मर : मांडीच्या मध्यापासून पोटरीच्या वरपर्यंत येणारी बाही. नेहमीच्या सायकलिंग शॉर्ट्ससोबत घालतात.

• लेग वॉर्मर : हीच बाही, पण घोट्यापर्यंत. ऊन चढलं की काढून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवता येते.

• टाइट्स : कमरेपासून घोट्यापर्यंत घट्ट बसणारी पँट. आतून मऊ फ्लीस असेल तर तिला थर्मल टाइट्स म्हणतात. काहींना पॅड असतो, काहींना नसतो. बिनापॅडची टाइट्स पॅडेड शॉर्ट्सवर घालतात.

• बिब टाइट्स : खांद्यावर पट्टे असलेली टाइट्स. कंबर उघडी पडत नाही, पोटाला काच बसत नाही. पण लघवीला जायचं तर वरचे कपडे काढावे लागतात. महिलांसाठी मागून उघडणाऱ्या बिब मिळतात, घेण्याआधी ते तपासावं.

• विंडप्रूफ टाइट्स : पुढच्या बाजूला वारा अडवणारं कापड, मागे हवा खेळती ठेवणारं. कडाक्याच्या थंडीसाठी.

किती थंडीत काय घालायचं?

• १५ ते २० अंश : शॉर्ट्स आणि नी वॉर्मर.

• १० ते १५ अंश : शॉर्ट्स आणि लेग वॉर्मर, किंवा पातळ टाइट्स.

• ५ ते १० अंश : फ्लीसचे लेग वॉर्मर किंवा थर्मल टाइट्स.

• ५ अंशांच्या खाली : विंडप्रूफ टाइट्स.

हा अंदाज आहे. प्रत्येकाची थंडी सहन करण्याची ताकद वेगळी असते, त्यामुळे एखादा टप्पा वर-खाली होणारच. घरातून निघताना थोडंसं गार वाटलं तर निवड बरोबर आहे असं समजावं, कारण दहा मिनिटांत शरीर गरम होतं.

महाराष्ट्रात लेग वॉर्मर का भारी पडतात?

युरोपातल्या हिवाळ्यात दिवसभर पारा ४-५ अंशांवरच राहू शकतो. तिथे जाड टाइट्स घालून निघालं की दिवस निघतो. जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी सायकलवाल्यांसाठी थर्मल टाइट्स गरजेची आहे.

आपल्याकडचा हिशोब वेगळा आहे. पुण्यात पहाटे १० अंश असतील तर दुपारी २८-३० अंशही होतात. ३०० किलोमीटरची बीआरएम राइड घ्या. तिला २० तासांची मुदत असते. पहाटे सुरुवात केली तर गारठा, दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारठा, असं सगळं एकाच राइडमध्ये येतं. थर्मल टाइट्स दुपारी भर रस्त्यात काढता येत नाही. लेग वॉर्मर मात्र दोन मिनिटांत उतरतात आणि संध्याकाळी पुन्हा चढतात.

घेताना आणि घालताना हे बघा

वॉर्मर आधी घालायचे, शॉर्ट्सची कड त्यावर येऊ द्यायची. म्हणजे ते घसरत नाहीत. वरच्या टोकाला आतून सिलिकॉनची पट्टी आहे का, ते बघावं. ती रक्तप्रवाह अडवेल इतकी घट्ट नको. दुकानात नुसतं उभं राहून माप घेऊ नका, गुडघा पूर्ण दुमडून बघा. मागे कापड गोळा होत असेल तर ५० किलोमीटरनंतर तिथेच घासणार.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. शिवण घासून जखम होते. एकावर एक दोन पॅडही नकोत.

आणखी एक मुद्दा सुरक्षेचा. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. घोट्याजवळ रिफ्लेक्टर पट्टी असेल तर ती पेडलसोबत वर-खाली होते आणि मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे.

एवढा खर्च करायचा नसेल तर?

पहाटे पेपर टाकणारे, दूध पोहोचवणारे, पहिल्या पाळीला कंपनीत जाणारे कामगार आणि सकाळच्या शाळेची मुलंही सायकलवरच असतात. त्यांच्यासाठी पॉलिस्टरची, घोट्याशी निमुळती होणारी ट्रॅक पँट पुरते. ती ढगळ असेल तर उजवा पायचा मोज्यात खोचावा किंवा रबर बँड लावावा, नाहीतर तो चेनमध्ये अडकतो आणि सायकलस्वार थेट रस्त्यावर पडू शकतो. जास्त गारठा असेल तर आत पातळ सिंथेटिक लेगिंग्ज घालता येते.

आणि कपडे कितीही चांगले असले, तरी राइड संपल्यावर ओल्या पँटवर चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहणं टाळावं. पाय थांबले की उष्णता बनणं थांबतं आणि थंडी भरते ती तेव्हाच.