तेल बाहेर, हवा आत

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी आहे. अशा गावांत टू-स्ट्रोक मोटरसायकल आधी कामाला आली, हौसेची वस्तू फार उशिरा झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत साठच्या दशकात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून इथे घडली. म्हैसूरच्या आयडियल जावाने चेक बनावटीची जावा बांधली, १९७३ पासून ती येझदी या नावाने विकली आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. यामाहाची आरएक्स १०० तर १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला गाडीने पन्नाशी ओलांडलेली लागते, म्हणजे आरएक्सवाले अजून रांगेतच आहेत. तेल गळायला मात्र वयाची अट नाही. ‘खालून तेल येतंय’ ही या सगळ्या गाड्यांची सामाईक तक्रार, आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला: जोडावर बाहेरून सीलंटचा लेप. माझा आक्षेप या लेपाला आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची गळती हा बऱ्याचदा हवेचा प्रश्न असतो, आणि जी गळती इंजिनाचा जीव घेते तिचा जमिनीवर थेंबही पडत नाही.

हे समजायला क्रँककेसचं काम लक्षात घ्यावं लागतं. फोर-स्ट्रोक गाडीत क्रँककेस हे तेलाचं घर असतं, गळती झाली तर तेल वाया जातं, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये तीच क्रँककेस पंप असते. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, टू-टी तेल व हवा यांचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन पोर्टमधून सिलिंडरमध्ये चढतं. मिनिटाला पाच हजार फेरे धरले, तर ओढणं आणि दाबणं सेकंदाला सुमारे ८३ वेळा होतं. या पंपाच्या दोन्ही कुशींतून क्रँकशाफ्टची टोकं बाहेर पडतात. तिथे हवा अडवायला असते ती फक्त रबराची एकेक ऑइल सील. मॅग्नेटच्या बाजूची सील कडक झाली की तिथून कोरडी हवा शिरते. मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचे फेरे उतरत नाहीत, डोकं तापतं आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. मॅग्नेट प्लेटवर जेमतेम ओलसर थर असतो, मालकाला वाटतं गाडी कोरडी आहे. क्लचच्या बाजूची सील गेली तर प्रकार वेगळाच. पोकळीबरोबर गिअर ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो आणि गिअरबॉक्सची पातळी उतरत जाते, पण गळतीची खूण बाहेर कुठेच दिसत नाही. दाबाच्या वेळी उलटही घडतं: पेट्रोल गिअर ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून काढलेल्या गिअर ऑइलचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर आधी संशय सीलवर घ्यायचा.

याचा अर्थ प्रत्येक डाग घातक असतो असं नाही. उलट बरेचसे डाग निरुपद्रवी असतात, आणि म्हणूनच इंजिन आधी रॉकेल-डिझेलने धुऊन, वाळवून, तेल नेमकं कोणतं हे ओळखायला हवं. राजदूत आणि येझदीत टू-टी पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. कार्बोरेटरचा फ्लोट किंवा टाकीचा कॉक झिरपला की पेट्रोल उडून जातं आणि तेल मागे राहतं. महिनाभरात इंजिनाच्या माथ्यावर चिकट थर बसतो आणि दोष क्रँककेसवर येतो. सायलेन्सरच्या जोडावरचा काळा ओघळ हे न जळलेलं टू-टी असतं, तिथे पॅकिंग बदललं की काम झालं. आरएक्समध्ये तेल पंपातून वेगळं येतं. पंपाचा चेक व्हॉल्व्ह सैल पडला तर रात्रभर तेल आत उतरतं आणि सकाळची पहिली किक गल्लीभर धूर करते. येझदीत किक आणि गिअर एकाच शाफ्टवर असल्यामुळे ती जागा ओली राहण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण तिथेही सील बदलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: गिअर ऑइल खुणेच्या वर तर भरलेलं नाही, आणि ब्रीदरचं बारीक भोक मोकळं आहे का. परभणी जिल्ह्यातल्या काळ्या मातीचा चिखल वाळला की दगड होतो. तो त्या भोकात बसला तर तापलेल्या गिअरबॉक्समधली कोंडलेली हवा शाफ्टच्या सीलमधून तेल बाहेर ढकलते. तिथे नवी सील बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. एक तार पुरते.

क्रँककेस खरंच हवाबंद आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही, दाबाने कळतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबराने बंद करायची, पिस्टन खाली ठेवायचा म्हणजे पोर्ट उघडे राहतात, आणि आत पाच पीएसआय हवा भरायची. कॉम्प्रेसर इथे नकोच, त्याचा दाब सील उलटवून टाकतो. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी यासाठी उत्तम, कारण पाच पीएसआय म्हणजे पाऱ्याचे साधारण २६० मिलिमीटर आणि ती तबकडी ३०० पर्यंत मोजते. काटा काही मिनिटं जवळपास स्थिर राहिला पाहिजे. उतरू लागला तर साबणाचं पाणी लावायचं: सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या दोन हाफच्या सांध्यावर, मॅग्नेट काढून तिथल्या सीलवर. क्लचची बाजू झाकलेली असते, म्हणून गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर साबणाचा फेस ठेवायचा. फुगे आले की उत्तर मिळालं. यात खर्च जवळजवळ नाही, तरी बहुतेक ठिकाणी ही चाचणी न करताच पिस्टन-रिंग बदलले जातात. धूर दिसला की रिंग, ही फोर-स्ट्रोकची सवय आहे.

यावर अनुभवी माणसं म्हणतील की पूर्वी या गाड्या वर्षानुवर्षं गळत धावल्या, कुणाचं काय बिघडलं? मुद्दा वाजवी आहे. पण तेव्हा मिश्रणात तेल सढळ घालत आणि पेट्रोल निव्वळ पेट्रोल असे. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, ज्यात स्वतःचाच प्राणवायू असतो. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर हे इंधन मिश्रण आधीच पातळ करतं; त्यात सीलमधून शिरलेली हवा आणि मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन यांची भर पडली की पूर्वी खपून जाणारी गळती आता खपत नाही. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतलं पाणी शोषतं. घरात नुसतीच उभी असलेली गाडी या बाबतीत धावत्या गाडीपेक्षा जास्त धोक्यात असते. तिची टाकी आणि कार्बोरेटर रिकामे ठेवलेले बरे.

दुसरा आक्षेप सुट्या भागांचा. शेतीपंपाच्या मोटारीचं बेअरिंग आणि सील विकणारी दुकानं तालुक्याच्या गावात असतातच, आतलं-बाहेरचं माप जुळलं तर तीच का नको? कारण माप ही निम्मीच गोष्ट. क्रँकच्या सीलला पेट्रोल सोसावं लागतं, दाब आणि पोकळी दोन्ही अडवावी लागतात, म्हणून शक्य असेल तिथे व्हायटॉन रबराची सील घ्यावी. बेअरिंगवर सी-३ ही खूण हवी, म्हणजे तापल्यावर फुगायला जागा राहते. आणि बेअरिंगमध्ये खेळ असेल तर नव्या सीलचा उपयोगच नाही; डगमगता शाफ्ट तिचा ओठ काही दिवसांत खाऊन टाकतो. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडला असेल तर नवी सील किंचित मागेपुढे बसवावी, नाहीतर लेथवाल्याकडून पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी.

खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा आहे. मॅग्नेटकडची सील बऱ्याच इंजिनांत बाहेरून बदलता येते, पण क्लचकडच्या सीलसाठी अनेकदा हाफ वेगळे करावे लागतात, आणि सील स्वस्त असली तरी मजुरी जड जाते. म्हणून एकदा हाफ उघडले की दोन्ही सील, दोन्ही बेअरिंग एकत्रच बदलायची. मजुरीपेक्षा जास्त नुकसान घाईने होतं. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून हाफ उचकटले की मऊ ॲल्युमिनियमवर खाच पडते, मग कुठलंही सीलंट तिथे टिकत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. केस पाण्याचा थेंब चुरचुरेल इतकी गरम केली तर बेअरिंग हाताने आत बसतं, हातोडा लागत नाही. ‘मूळ इंजिन उघडलं की गाडीची किंमत जाते’ असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की विंटेजच्या नियमांना अडचण असते ती चासी-इंजिनातल्या मोठ्या फेरबदलांची; सील त्यात बसत नाही. जोडलेलं इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी, टेबलावरच, तो रक्तदाबाचा फुगा पुन्हा एकदा लावायचा. काटा उतरला तर त्याच दिवशी उघडणं सोपं असतं.