कॉफीची भाजणी आणि रुचीची पारख

कॉफीविषयी बोलताना ‘कडक’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गडद भाजलेल्या बियांची कॉफी कडक, पूड अधिक घालून केलेली कॉफीही कडक आणि झोप उडविणारी कॉफीही कडकच. वस्तुतः या तीन गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत. पहिलीचा संबंध भाजणीशी, दुसरीचा पूड व पाणी यांच्या प्रमाणाशी, तर तिसरीचा कॅफीनशी आहे. या तिहींची गल्लत होत असल्यामुळेच आपल्या रुचीला मानवणारी भाजणी कोणती, हे पुष्कळांना नीटसे उमगत नाही.

कच्च्या बीमध्ये सुमारे १० ते १२ टक्के ओलावा असतो. कॉफीचा परिचित गंध मात्र तिला नसतो. तो भाजण्याच्या क्रियेतच निर्माण होतो. प्रथम ओलावा निघून जातो. पुढे शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली वर्णिलेली प्रक्रिया घडून बी तपकिरी होते. बीचे तापमान सुमारे १९६ अंश सेल्सिअस झाले म्हणजे आतील वाफेच्या व वायूंच्या दाबाने ती फुटू लागते आणि पहिली तडतड ऐकू येते. या सुमारास भाजणे थांबविल्यास भाजणी फिकी राहते. सुमारे २२४ अंशांवर दुसरी तडतड होते व तेल पृष्ठभागावर येऊ लागते. तेथून पुढची भाजणी गडद होय. मध्यम भाजणी या दोहोंच्या दरम्यान येते. हे आकडे यंत्रागणिक थोडेफार बदलतात.

रुचीतील फरकाचे मूळ या रासायनिक स्थित्यंतरात आहे. अरेबिका जातीच्या कच्च्या बीमध्ये साधारणतः ६ ते ९ टक्के साखर असते. गडद भाजणीपर्यंत ती जवळजवळ संपूर्ण नष्ट होते. क्लोरोजेनिक आम्लेही क्रमाने विघटित होतात. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील थॉमस होफमान यांनी २००७ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, मध्यम भाजणीत या आम्लांपासून बनणारी लॅक्टोने सौम्य कडवटपणा देतात. भाजणी अधिक गडद होताच त्यांचे विघटन होऊन फेनिलइंडेन वर्गातील संयुगे तयार होतात व त्यांचा कडवटपणा उग्र असतो. म्हणूनच फिक्या भाजणीत आंबूसपणा आणि बीच्या जातीचे व मातीचे गुण जाणवतात, तर गडद भाजणीत प्रामुख्याने भाजण्याचाच स्वाद उरतो.

कॅफीनचे प्रमाण मात्र भाजणीने फारसे बदलत नाही. अरेबिकात ते सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात सुमारे २.२ टक्के असते. अर्थात जातीचा फरक भाजणीच्या फरकाहून पुष्कळच मोठा ठरतो. गडद भाजलेली बी फुगून हलकी होते. त्यामुळे चमच्याने मोजल्यास तिची पूड वजनाने कमी भरते आणि ‘कडक’ समजल्या जाणाऱ्या पेल्यात कॅफीन उलट कमीच उतरण्याचा संभव असतो. यास्तव तुलना करावयाची ती वजनानेच.

आपली भाजणी शोधण्याची रीत सोपी आहे. एकाच मळ्यातील एकाच जातीची बी फिकी, मध्यम व गडद अशा तीन प्रकारे, शक्यतो एकाच सुमारास भाजलेली घ्यावी. प्रत्येकी ११ ग्रॅम पुडीवर सुमारे ९३ अंशांचे २०० मिलिलिटर पाणी ओतून चार मिनिटे ठेवावे व काढा कोमट झाल्यावर चाखावा. फिकी भाजलेली बी घट्ट असल्याने तिचा अर्क सावकाश उतरतो. ती नुसतीच आंबट लागली तर तेवढ्यावरून तिला त्याज्य न ठरविता पूड अधिक बारीक दळून पुन्हा पाहावे.

तथापि आवडीचा निर्णय देण्यापूर्वी आपल्याला फरक खरोखर कळतो काय, याची परीक्षा होणे आवश्यक आहे. त्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने दोन पेले एका भाजणीचे व एक दुसरीचा, असे तीन पेले रंग दिसणार नाही अशा रीतीने मांडावेत व चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखावा. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता प्रत्येक वेळी एक-तृतीयांश असते. सहा प्रयत्नांत किमान पाच उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी आहे. एवढे यश मिळाल्यास फरक जाणवतो, असे मानण्यास आधार मिळतो.

कॉफी ज्या रूपाने प्यावयाची त्याच रूपाने अखेरची पारख व्हावी, हेही महत्त्वाचे. दुधातील प्रथिने कडवटपणा बोथट करतात. म्हणून नुसत्या पाण्यात उग्र वाटणारी भाजणी दुधात समतोल भासते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत चिकोरीची भर असते. महाराष्ट्रातील घरगुती कॉफीत दूध, साखर व जायफळ येते. अशा पेल्यात फिक्या भाजणीचा नाजूक गंध बहुधा लोपतो व मध्यम किंवा त्याहून किंचित गडद भाजणीच टिकाव धरते.

सारांश, कोणतीही भाजणी स्वभावतः श्रेष्ठ नाही. श्रेष्ठत्वाचा प्रश्न बी, कृती आणि पिणाऱ्याची जिव्हा या तिहींच्या संबंधातच सुटतो. रूढ शब्दावर विसंबून केलेल्या निवडीपेक्षा एका वेळी एकच घटक बदलून केलेली निवड अधिक विश्वसनीय ठरते. प्रयोगशाळेतील हा नियम कॉफीच्या पेल्यालाही तितकाच लागू आहे.