प्रत्येक ‘बंद’ हा संप नसतो

काम थांबले की तो ‘स्ट्राइक’, हा समज गावोगावी पक्का बसला आहे. नांदेड–हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात मोंढ्यातल्या हमालांनी पोती उचलायचे नाकारले, व्यापाऱ्यांनी सौदे बंद ठेवले किंवा शेतकऱ्यांनी माल आणलाच नाही, तरी तिन्ही वेळा म्हटले जाते एकच : आज स्ट्राइक आहे. काळीपिवळीच्या मालकांनी गाड्या उभ्या केल्या तरी स्ट्राइक, आणि रास्ता रोकोत एसटी अडकली तरी स्ट्राइकच.

कायद्यात संपाचा अर्थ ठरलेला आहे. नोकरीवर असलेल्या लोकांनी एकत्र येऊन, ठरवून काम थांबवणे म्हणजे संप. १९४७च्या औद्योगिक विवाद अधिनियमात हाच अर्थ होता आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत गाभा तोच आहे. समोर मालक हवा आणि काम थांबवणारा त्याचा नोकर हवा. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२पर्यंत चाललेला एसटी कर्मचाऱ्यांचा लढा या अर्थाने संप होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुरू केलेला लढाही संपच. सप्टेंबर २०२३मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवले, तो मात्र संप नव्हता. व्यापारी हा बाजार समितीचा परवानाधारक असतो, नोकर नव्हे. त्याच्यावर कारवाई होते ती परवान्याच्या अटींवरून. त्याच मोंढ्यातला हमाल मजुरीच्या दरासाठी बसला, तर त्याची बाजू संपाच्या कितीतरी जवळची असते.

१ जून २०१७पासूनच्या पुणतांब्याच्या आंदोलनाला ‘शेतकरी संप’ हेच नाव मिळाले. आंदोलकांनी स्वतः निवडलेल्या नावाला हरकत घेण्याचे कारण नाही. पण स्वतःच्या शेतातला माल न विकणाऱ्याला पगार कापणारा कोणी नसतो, त्याने संपाची नोटीसही कोणाला द्यायची नसते. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून सहा-सात वर्षे जमीन कसली नाही. तेथे निदान समोर खोत उभा होता.

शब्दांचा हा घोळ बोलण्यापुरताच असता तर सोडून देता आला असता. पण त्यावर माणसाची रोजी ठरते. संपकाळात ‘काम नाही, वेतन नाही’ हे तत्त्व लागू होते. संप कायदेशीर आणि समर्थनीय असेल तरच त्या दिवसांचे वेतन मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. याउलट मालकानेच फाटकाला कुलूप लावले तर ते लॉकआउट, म्हणजे टाळेबंदी, आणि ती बेकायदा ठरली तर कामगार वेतन मागू शकतो. फाटक बंद दिसले म्हणून ‘संप चालू आहे’ असे बेधडक सांगणारा, किंवा तसे छापणारा, नकळत मालकाची बाजू मांडत असतो. कुलूप कोणी लावले, एवढे विचारायला किती वेळ लागतो?

मार्च २०२०मध्ये गोंधळ आणखी वाढला, कारण मराठीत लॉकडाऊनलाही टाळेबंदीच म्हटले गेले. लॉकडाऊन हा सरकारचा आदेश होता, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा. मालक-कामगार वादाशी त्याचा संबंध नव्हता. त्या काळात वेतन द्यावे, असा केंद्राचा आदेश २९ मार्चला निघाला आणि मे महिन्यात मागे घेतला गेला.

‘बंद’ हा आणखी वेगळा प्रकार. त्यात नोकर, मालक, दुकानदार, प्रवासी असे सगळेच थांबवले जातात. सक्तीचा बंद घटनाबाह्य असल्याचा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये कायम केला. ३० जुलै २००३च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. स्वखुशीने दुकान न उघडणाऱ्याला यातले काहीही लागू नाही.

संप हा मूलभूत हक्क असल्याचे सभांतून सांगितले जाते. संघटना करणे मूलभूत हक्कात बसते, संप बसत नाही. १९६२पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका हीच आहे. मात्र म्हणून प्रत्येक संप बेकायदा, हेही खोटेच. १९४७च्या अधिनियमात नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगी सेवांपुरती होती. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत निदान १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सामूहिक रजा टाकली की संप ठरत नाही, हा सल्लाही जुना झाला. निम्मे किंवा अधिक कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले, तर नवी संहिता त्याला संपच मानते.

असेच गैरसमज शब्दांच्या उगमाबद्दलही आहेत. बॉयकॉट हा शब्द ‘बॉय’वरून आलेला नाही. १८८०मध्ये आयर्लंडच्या कुळांनी ज्याच्यावर बहिष्कार घातला, त्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याचे ते आडनाव. फ्रेंच कामगारांनी यंत्रांत लाकडी बूट फेकले आणि ‘सॅबोटाज’ शब्द जन्मला, ही गोष्ट रंगतदार असली तरी तिला पुरावा नाही. घेराव, हरताळ, धरणे यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावा. हे तिन्ही शब्द त्यात आहेत.