कुलूपबंद खोलीला यंत्र कशाला?

गोंदियाकडे धानाच्या बांधीजवळची खोली रोवणीला आणि मळणीला उघडते, एरवी कुलूप. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणून पाणी मऊ करणारे यंत्र घ्यावेसे वाटते. जरा थांबा! यंत्रातले दाणे चुना धरतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. महिनोन् महिने बंद राहिले, की आत साचलेले पाणी नासते. फ्लोराइड आणि जंतू तर ते काढतच नाही. आधी पाणी तपासून घ्या. जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर चिंता नको. जास्त असेल तर डाळीचे पाणी आधी उकळून निवळू द्या. बराच चुना तळाशी बसतो. रोवणीत धुण्याला छपराचे पावसाचे पाणी धरा. खर्च वाचेल, कपडेही स्वच्छ निघतील.