सावंतवाडीचा राजवाडा: गंजिफांनी राखलेलं घर

लालबाग-परळच्या चाळींत सावंतवाडीचा माणूस शोधावा लागत नाही. गिरण्यांच्या काळात गावकीच्या खोल्यांत वळकटी टाकून राहिलेल्या चाकरमान्यांची नातवंडं आज गणपतीला कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरतात आणि मोती तलावाच्या काठाने पुढे जातात. तिथेच जांभ्याचा तांबडा राजवाडा आहे. आजोबांनी तो बहुधा बाहेरूनच पाहिला असेल. आता पैसे मोजले की तिथे मुक्काम करता येतो आणि यजमान अजून इथलं राजघराणं, सावंत-भोसलेच आहेत.

घर असं घराण्याच्याच हाती राहणं वाटतं तितकं सोपं नाही. याच घराण्याने बांधलेला तेरेखोलचा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, तो कायमचा. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला, 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, किल्ला सरकारकडे आला, पुढे त्याचंही हॉटेल झालं. बांधणाऱ्यांचा मात्र तिथे काही संबंध उरला नाही.

राजवाडा उभा राहिला तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (1755-1803). त्यांनी शिंद्यांच्या घरची मुलगी केली, दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब मिळवला आणि कोल्हापूरकरांचं वैर ओढवून घेतलं. 1838 मध्ये कारभार इंग्रजांनी ताब्यात घेतला. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, 1971 मध्ये तनखाही गेला. एवढा मोठा वाडा, कौलांपासून सगळं दर पावसाळ्यात डागडुजी मागणारं, आणि हाती राज्य नाही. अशा वेळी बरीच घराणी वाडे विकून मोकळी झाली.

इथे मात्र घराण्यातले शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, हाती घेतल्या. ही कला तेव्हा संपत आली होती. वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन त्यांनी थेट दरबार हॉलमध्येच कारखाना मांडला. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, म्हणजे 120 गोल पानं. प्रत्येक हाताने रंगवायचं, वर लाखेची झिलई. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. जिथे मुजरे झडले, तिथे चितारी मांडी ठोकून मत्स्य-कूर्म रंगवू लागले.

हॉटेल पुढच्या पिढीने, बरंच नंतर, वाड्याच्या एका बाजूला काढलं. खोल्यांची सजावटही गंजिफांवरूनच. माझ्या मते हा क्रम महत्त्वाचा: आधी काम आलं, मग पाहुणे. उलट झालं असतं, तर दरबार हॉलमध्ये एव्हाना लग्नाच्या पंगती उठल्या असत्या.

एका रात्रीचं भाडं लालबागच्या नातवाला जड जाईल, हे खरं. त्याने तिकीट काढून दरबार तरी पाहावा, चितारी कामावर असले तर तासभर थांबावं. गंजिफा विकतही मिळतात.