नवा एक्सल टाकला, तरी आवाज जाईना? बसवतानाच कुठे चुकतं ते बघा

जळगाव/धुळे : स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून 'कट-कट' आवाज. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट चालवणाऱ्यांना तो चांगलाच ओळखीचा. या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, ती पोहोचवतो एक्सल, म्हणजेच ड्राइव्ह शाफ्ट. (बोलेरो, इको मागच्या चाकांवर चालतात, त्यांचं दुखणं वेगळं.)

एक्सलच्या जॉइंटवर रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस बाहेर आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले आणि आवाज नसेल, तर नुसत्या बूटवर भागतं. आवाज सुरू झाल्यावर मात्र बूट बदलून उपयोग नाही.

खरी गडबड होते नवा एक्सल बसवताना. आधी जुना-नवा शेजारी ठेवून लांबी, टोकाचे दाते आणि एबीएसची रिंग जुळते का ते बघावं. बऱ्याच गाड्यांत डावा आणि उजवा एक्सल वेगळ्या लांबीचा असतो.

गिअरबॉक्सकडचं टोक आत जाईना, म्हणून सरळ हातोडा उचलला जातो. तिथेच घोळ होतो. बहुतेक गाड्यांत त्या टोकाला तारेचं छोटं लॉक, म्हणजे सर्क्लिप असतं. ते मधोमध राहावं म्हणून थोडं ग्रीस लावायचं, दाते जुळवायचे आणि एक्सल सरळ धरून झटक्यात आत ढकलायचा. 'टक्' करून बसला पाहिजे. बसला की नाही हे बघायला जॉइंटचा डबा हलकेच ओढावा, दांडा नव्हे. दांडा ओढला तर जॉइंट आतून सुटू शकतो. दाते घासून ऑइल सील फाटलं, तर गिअर ऑइल गळणार. जुना एक्सल काढतानाही तेल सांडतंच. ते न भरता गाडी पळवली, तर एक्सलच्या खर्चावर गिअरबॉक्सचा खर्च चढतो.

दुसरी चूक चाकाच्या मधल्या नटाची. नट नवाच घ्यावा, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा आणि लॉक करावा. नट पुरता आवळण्याआधी गाडीचं वजन चाकावर आलं, तर बेअरिंग खराब होऊ शकतं. 'जोर लावून आवळला भाऊ' हे माप नव्हे. सैल राहिलेला नट महामार्गावर भरल्या गाडीत महागात पडतो.

एवढं करूनही आवाज राहिलाच तर? वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची. पिकअप घेताना गाडी थरथरली, तर आतला जॉइंट किंवा नीट न बसलेला एक्सल तपासा.

शेतात, खळ्यावर काम करणार असाल तर जॅकखाली जाड फळी हवीच, काळ्या मातीत जॅक खचतो. गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नका. आणि दोन-चार दिवस रोज सकाळी गाडीखाली वाकून बघा, तेलाचा डाग पडलाय का.